मुलाखतीतील प्रश्न



नोकरभरतीची समिती पुष्कळदा एकाच दिवशी चाळीस-पन्नास उमेदवारांना भेटते. समितीच्या दृष्टीने तो एक लांबलेला दिवस असतो. बाहेर बाकावर बसलेल्या तरुणाचे मात्र कित्येक वर्षांचे शिक्षण आणि घरच्यांची आशा त्या काही मिनिटांत पणाला लागलेली असते. आत गेल्यावर त्याला नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय विचारला जातो. हे सारे त्याच्या अर्जात लिहिलेलेच असते!

श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाबाबतचा अजय हासिया खटला या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जाई व प्रश्न आईवडील आणि वास्तव्य यांविषयीचे असत, अशी तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ही पद्धत मनमानी ठरविली. प्रकरण प्रवेशाचे असले तरी नोकरीच्या मुलाखतीतही हाच दोष आढळतो. केंद्र शासनाने तर १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब' अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. जेथे त्या अद्याप होतात, तेथे प्रश्न विचारणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे.

शिक्षकपदाच्या उमेदवाराला अध्यापनाच्या पद्धती विचारल्या, तर तो पाठ केलेले उत्तर देतो. त्याऐवजी असे विचारावे : "चौथीतल्या एखाद्या मुलाला वाचताच येत नाही, असे कधी आढळले का? त्या आठवड्यात आपण नेमके काय केले?" उत्तर आल्यावर तेथेच थांबू नये. "मग त्याच्या पालकांना भेटलात का? कशाचा उपयोग झाला नाही?" असे पुढचे प्रश्न त्या उत्तरातूनच निघावेत. ज्याने काम केलेले असते त्याला बारकावे आठवतात. ऐकीव माहितीवर बोलणारा दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो. अनुभव नसलेल्या नवख्याला प्रसंग कल्पून द्यावा. लिपिकाच्या जागेसाठी, "करदात्याने पैसे दिले आणि 'पावती राहू द्या' म्हटले, तर काय कराल?" हा प्रश्न "आपण प्रामाणिक आहात काय?" या प्रश्नापेक्षा कितीतरी अधिक सांगून जातो. दुसऱ्या प्रश्नाला "नाही" असे उत्तर आजवर कोणी दिले असेल?

मूळ प्रश्न सर्वांना सारखेच असावेत. "लग्नानंतर नोकरी सोडणार का?" हे पुरुष उमेदवाराला कोणी विचारीत नाही, मग ते स्त्री उमेदवारालाही विचारू नये. काही सदस्यांना स्वतःचे ज्ञान दाखविण्याची हौस असते. त्यांचा प्रश्नच इतका लांबतो, की उमेदवाराला केवळ मान डोलावणे उरते.

खेड्यातून आलेला उमेदवार पुष्कळदा थोडा थांबून बोलतो. ती शांतता समितीने सहन करावी, प्रश्न बदलण्याची घाई करू नये. प्रत्येक सदस्याने आपले गुण स्वतंत्रपणे लिहावेत आणि ते लिहून झाल्यावरच पुढील उमेदवाराला आत बोलवावे.