कालवड दिली, पण वाढवली का?

(उपकारस्तुतीच्या भक्तीनंतर केलेले भाषण)



कालवड प्रकल्पासाठी तुम्ही मनापासून दान दिले, त्याबद्दल आभार. पण आज आभाराबरोबर मला एक कबुलीही द्यायची आहे.

नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही सहा कुटुंबांना एकेक संकरित कालवड दिली. अट एकच, पहिली मादी वासरी झाली की ती शेजारच्या गरजू कुटुंबाला द्यायची. ही कल्पना आमची नव्हे. डॅन वेस्ट या अमेरिकन ख्रिस्ती शेतकऱ्याने याच विचाराने काम उभे केले आणि १९४४ मध्ये पहिल्या कालवडी जहाजाने पोर्तो रिकोला गेल्या.

आम्ही अहवालात लिहिले, ‘सहा कालवडी दिल्या.’ तीन वर्षे होत आली तरी दोनच गाभण राहिल्या होत्या आणि एक विकली गेली होती. मला राग आला. जिने विकली त्या मावशींच्या ओट्यावर जाऊन मी जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, “ताई, गाय दूध देते, कालवड नुसती खाते. तीन वर्षं तिला काय घालू, ते सांगितलंच नाही तुम्ही. पोरांच्या तोंडचा घास तिला देऊ का?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. परत येताना मला याकोबाची आठवण झाली. एसाव पुढे चल म्हणाला, तेव्हा याकोब सावकाश चालला, कारण एक दिवस जरी कळप दामटला असता तरी सगळा कळप मेला असता. आम्ही मात्र अहवालाच्या घाईत कळप दामटला होता.

त्यानंतर पशुवैद्यकांना सोबत घेऊन आम्ही पहिल्यापासून शिकलो. वासरू जन्मले की तासाभरात त्याला चीक पाजायचा. जार पडेपर्यंत थांबायचे नाही, कारण रोगाशी लढण्याची ताकद त्याला त्या चिकातूनच मिळते. पाड्यावर आता म्हणच झाली आहे, ‘आधी वासराचा चीक, मग आपला खरवस.’ नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचे. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके दूध रोज पाजायचे, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, तेही दोन वेळांत विभागून. दुसऱ्या आठवड्यापासून थोडे थोडे वासरांचे खाद्य आणि कोवळा चारा समोर ठेवायचा. जंताचे औषध वेळेवर द्यायचे. चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान मादी वासराला सांसर्गिक गर्भपाताची लस एकदा टोचून घ्यायची.

पुढे नुसत्या भाताच्या पेंढ्यावर कालवड वाढत नाही. पेंढ्याला हिरव्या चाऱ्याची जोड, रोज किलो-दीड किलो खुराक आणि चिमूटभर नव्हे, मोजून खनिज मिश्रण लागते. बांधावर शेवरी आणि विहिरीजवळ लसूणघास लावला, तेव्हा विकतचा खर्च कमी झाला.

भरवायची वेळ वयावर नव्हे, वजनावर ठरवायची, साधारण २५० किलो झाल्यावर. पाड्यावर वजनकाटा कुठला? टेपने छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याला त्याच आकड्याने गुणायचे, मग खांद्यापासून शेपटीच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणून ६६० ने भागायचे. घेर ६० आणि लांबी ४८ असेल, तर वजन सुमारे २६२ किलो येते. हा हिशेब आता पाड्यावरच्या सातवीतल्या मुली करतात. नीट पोसलेली कालवड दीड वर्षाच्या आसपास भरवण्याजोगी होते. उपाशी ठेवलेली चौथ्या वर्षीही माजावर येत नाही.

विकणाऱ्या मावशींना आम्ही पुन्हा कालवड दिली, या वेळी खुराकासह. गेल्या पावसाळ्यात ती व्याली. मादी झाली. मावशींनी ती वासरी स्वतः शेजारणीच्या अंगणात नेऊन बांधली आणि म्हणाल्या, “खायला काय घालायचं ते मी सांगते.”

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. एका कालवडीसाठी दान देताना तिच्या दोन वर्षांच्या खुराकाचाही विचार करा. पाच कालवडी देऊन विसरण्यापेक्षा दोन द्या आणि त्या व्याईपर्यंत सोबत राहा. प्रार्थनेत त्या कुटुंबांची आठवण ठेवा, आणि जमल्यास पाड्यावर या. टेप धरायला एक हात कमीच पडतो.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.