तक्रार तिनं करायची, आणि कॉलेजही तिचंच सुटायचं?

(मांजरी बुद्रुक इथं बचत गटातल्या महिला आणि कॉलेजला जाणाऱ्या मुली यांच्यासमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



कॉलेजमधल्या लैंगिक छळाबद्दल आज बोलायचं ठरलं आहे. पण मी सुरुवात कॉलेजपासून न करता घरापासून करणार आहे. समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी या कामात पडले, तेव्हापासून मुलींना एक प्रश्न नेहमी विचारते : काही वावगं घडलं तर कुणाला सांगाल? "मैत्रिणीला" हे उत्तर चटकन येतं. "आणि घरी?" असं विचारलं की सगळ्या गप्प होतात. मग एखादी खालच्या आवाजात म्हणते, "घरी सांगितलं तर कॉलेज बंद होईल."

हे उत्तर नीट ऐका. या मुलीला त्रास देणाऱ्याची भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती आपलं शिक्षण सुटण्याची आहे. त्रास देणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. ही बोलणार नाही, कारण बोलली तर घरी बसेल, या हिशेबावरच त्याचं धाडस चालतं. म्हणजे आपण मुलीला जपायचं म्हणून घरी बसवतो, आणि नकळत त्याच्याच मदतीला जातो.

मांजरीतून मुली हडपसरला जातात, काही जणी पुण्यात, तर काही पार गणेशखिंडीला विद्यापीठात जातात. 2021 साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं. कागदावर गाव शहर झालं, पण मुलगी अर्धा तास उशिरा आली की होणारी चौकशी अजून जुनीच आहे. मुलगा उशिरा आला तर त्याला जेवायला वाढतात!

आता छळ म्हणजे काय ते पाहू. अंगचटीला येणं हा छळ आहेच. नको असताना केलेली शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, घाणेरडी चित्रं दाखवणं, रात्री-बेरात्री मोबाईलवर पाठवलेले तसले मेसेज, हाही छळच. "माझं ऐकलंस तर इंटर्नलचे मार्क वाढवतो," असं सुचवणं हा तर त्यातला सर्वात कावेबाज प्रकार. त्यात हात लावलेला नसतो, साक्षीदार नसतो, आणि मार्क मात्र त्याच्या हातात असतात. ते नको आहे की नाही, हे ती मुलगी ठरवणार. "मी गंमत केली" हा बचाव होऊ शकत नाही.

याविरुद्ध आज जे कायदे आहेत ते कुणी आपण होऊन दिलेले नाहीत. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होत्या. त्यांनी बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, म्हणून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून महिला संघटना न्यायालयात गेल्या आणि 13 ऑगस्ट 1997 ला सर्वोच्च न्यायालयानं 'विशाखा' निकाल दिला. कामाच्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती हवी, असं त्यात सांगितलं होतं. समित्या कागदावरच राहू लागल्या, तेव्हा आपल्या पुण्यातल्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. याचिका 1999 ची, अंतिम निकाल 19 ऑक्टोबर 2012 चा! मधल्या काळात, 2004 मध्ये, न्यायालयानं एक मोलाचा आदेश दिला : तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानायचा. म्हणजे समितीपुढे एकदा सगळं सांगितल्यावर त्याच बाईला पुन्हा दुसऱ्या चौकशीला उभं करायचं कारण उरलं नाही.

पुढे 2013 चा कायदा आला. त्यात शिक्षणसंस्थाही येतात. आणि खास विद्यापीठं-महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2015 चे नियम केले. मुलींनो, ते नियम तुमच्या पाठीशी आहेत, म्हणून त्यातलं महत्त्वाचं सांगते.

अंतर्गत समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापकच असते. समितीत निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती असावी लागते. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर विद्यार्थ्यांचे तीन निवडून आलेले प्रतिनिधी हवेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत बसता येत नाही. नोटीस बोर्डावर या समितीची नावं आहेत का, ते उद्या कॉलेजात जाऊन बघा. नसतील तर पाचजणी मिळून लेखी विचारा. एकटीनं विचारलं तर तिच्याकडे बोट दाखवतात, पाचजणींकडे दाखवणं अवघड जातं.

तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहायला जमत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. चौकशी 90 दिवसांत संपली पाहिजे. शैक्षणिक सहल, शिबिर, क्रीडास्पर्धा, इंटर्नशिप, कॉलेजची बस, हे सगळं नियमात येतं. साध्या सिटी बसमध्ये कुणी त्रास दिला तर मात्र समिती नव्हे, पोलीस. 112 लक्षात ठेवा. आणि अकरावी-बारावीच्या, अठराच्या आतल्या मुलीचं प्रकरण असेल तर पॉक्सो कायदा लागतो. ते कॉलेजनं आपापसात मिटवायचं नसतं, पोलिसांना कळवावंच लागतं.

आता सर्वात महत्त्वाचं. चौकशी चालू असताना मुलीला हजेरीत सवलत, रजा, विभाग किंवा मार्गदर्शक बदलून देणं, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिचे पेपर तपासण्यापासून, तिचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवणं, हे सगळं नियमांत आहे. त्याचीही बदली करता येते. म्हणजे तिनं शिकत राहूनच लढावं, असंच कायद्यानं धरलं आहे. घरी मात्र आपण नेमकं उलट करतो.

माझ्याकडे एक मुलगी आली होती. प्रोजेक्टचे सर रात्री मेसेज करत. तिनं घाबरून सगळे पुसून टाकले होते. पण मैत्रिणीला दाखवलेले तीन त्या मैत्रिणीच्या फोनमध्ये होते. आम्ही बसून तारखा लिहिल्या, कोण कुठं होतं ते लिहिलं, आणि अर्ज देऊन पोच घेतली. पहिली मागणी केली ती मार्गदर्शक बदलण्याची. ती मिळाली आणि तिचं सबमिशन वेळेत झालं. चौकशी त्यानंतर बरीच रेंगाळली, पण वर्ष वाया गेलं नाही. म्हणून सांगते : काही पुसू नका, तारीख-वार लिहून ठेवा, एकीला तरी दाखवा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परतू नका. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्यातच लिहिलं आहे.

दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या मुलींना तर दुहेरी मार बसतो. कुणी जातीवरून बोलतं, कुणी बाई म्हणून. मे 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या निवासी डॉक्टरनं आत्महत्या केली. जातीवरून तिचा छळ होत होता, असा घरच्यांचा आरोप आहे. त्याच वर्षी तिची आई आबेदा तडवी आणि 2016 मध्ये हैदराबादला जीव दिलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला, या दोघी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. लेकरं गमावल्यावरही त्या दुसऱ्यांच्या लेकरांसाठी उभ्या राहिल्या.

आपण तर लेकरं हाताशी असताना उभ्या राहू शकतो. ताई-मावश्यांनो, फक्त एवढं करा. आज घरी गेल्यावर मुलीला स्वतःहून सांगा : काहीही झालं तरी तुझं शिक्षण मी थांबू देणार नाही, तू मला सांग. तिच्या बाबांसमोर सांगा, भावासमोर सांगा. आणि बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. कुणाच्या मुलीला तक्रार द्यायला जायचं असेल तर सोबत दोघी कोण जाणार, ते तिथंच ठरवा.

मुलींनो, तुम्हाला एवढंच सांगते : घर सोबत आलं तर उत्तमच. नाही आलं तर आम्ही येऊ. पण परीक्षेला बसा.