ढग पाहणारं रडार आणि शेतातली बाई

बातम्यांत आपण ऐकतो, "येत्या तीन तासांत विजांच्या कडकडाटासह पावसाची शक्यता." हे कुणाला कसं दिसतं? आणि ते आपल्या तलवाड्याच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईपर्यंत वेळेवर पोचतं का? आज त्याबद्दल बोलू.

विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो. रडारचं तसंच आहे, फक्त आवाजाऐवजी रेडिओ लहरी. या लहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतात. ६० किलोमीटरवरच्या ढगातल्या थेंबांवर आपटून परत यायला त्यांना सेकंदाचा अडीच हजारावा भागच लागतो. परत यायला लागलेल्या वेळेवरून ढग किती लांब ते कळतं. लहर किती जोरात परतली यावरून पाऊस किती जोराचा ते समजतं. डॉपलर रडार तर पाऊस आपल्याकडे येतोय की लांब चाललाय, हेही सांगतं.

मुंबईत कुलाब्याला हवामान खात्याचं असं डॉपलर रडार आहे. त्याची मोठी थाळी गोल फिरते, मग थोडी वर उचलून पुन्हा फिरते. सगळं आभाळ न्याहाळायला काही मिनिटं जातात. पण वळवाचा ढग अर्ध्या तासात डोंगराएवढा वाढतो. म्हणून आता न फिरणारी रडारं आली आहेत. त्यांत एका थाळीऐवजी लहान लहान अँटेना ओळीनं मांडलेल्या असतात.

खुरपणीला आपण पात धरून चालतो ना? डावीकडच्या बाया आधी निघाल्या आणि उजवीकडच्या एकेक पाऊल मागून, तर ओळ तिरकी होते आणि तिचं तोंड उजवीकडे वळतं. अँटेनांचंही तसंच. प्रत्येकीची लहर किंचित मागेपुढे सोडली की झोत वळतो, यंत्र जागचं हलत नाही. तिरुपतीजवळ गादंकीला अशा १,०२४ अँटेनांचं रडार आहे. ते उंचावरच्या वाऱ्यांचा अभ्यास करतं.

पण रडारलाही मर्यादा आहे. पृथ्वी गोल असल्यानं झोत जितका लांब जाईल तितका जमिनीपासून उंच होत जातो. मुंबईहून आपलं गाव सुमारे ३०० किलोमीटर. तिथून निघालेला झोत आपल्या डोक्यावरून कित्येक किलोमीटर उंच जातो, त्याखालचं त्याला दिसत नाही. म्हणून रडार जवळ असणं महत्त्वाचं.

विजेसाठी वेगळी सोय आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं 'दामिनी' हे मोबाइल ॲप केलं आहे. ते रडारवर चालत नाही. वीज पडली की जमिनीवर बसवलेली यंत्रं ती टिपतात आणि आपल्यापासून २० ते ४० किलोमीटरच्या आत वीज असली तर ॲप सावध करतं.

आता खरी अडचण. फोन बहुतेकदा घरातल्या पुरुषाकडे किंवा पोराकडे, आणि बाई रानात. इशारा निघाला तरी तिला कळत नाही. कळला तरी "रोज बुडेल" म्हणून ती ओळ सोडत नाही.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. कामावर जाणाऱ्या प्रत्येक टोळीत एकीकडे तरी दामिनी असलेला फोन असावा. तिनं "चला" म्हटलं की सगळ्यांनी निघायचं, आणि त्या वेळेचा रोज कापायचा नाही, हे मालकाशी आधीच बोलून घ्यायचं. तिसरं, जवळचं पक्कं घर कुठलं ते कामाला लागण्याआधीच पाहून ठेवायचं.

फोन नसला तरी कान आहेत. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच निघा. झाडाखाली थांबू नका, उघड्या पत्र्याच्या शेडचाही भरवसा धरू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी रानात परतू नका. कुणावर वीज पडलीच तर तिला हात लावायला भिऊ नका, तिच्या अंगात करंट राहत नाही. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल तर मदत येईपर्यंत छातीच्या मधोमध जोरानं, भरभर दाबत राहा.

आपल्या गावची देवी त्वरिता. त्वरित म्हणजे लगेच. इशारा ऐकला की निघायचं तेही लगेच.