शेजारणीचे स्वयंपाकघर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी झाले नि चूल हाती आली. तेव्हा मी बोलणार तेही चुलीवरचेच.

माझे माहेर पुण्याच्या रास्ता पेठेतले. शेजारी बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे ज्यू, राहात. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे पाहा: पेणकर, रोहेकर, चौलकर!

मग वेगळेपण राहिले कोठे? शनिवारात, प्रार्थनेत आणि स्वयंपाकघरात. त्यांच्या धर्माला चालणाऱ्या अन्नाला ‘कोशेर’ म्हणतात. डुक्कर वर्ज्य. माशाला पर नि खवले दोन्ही हवेत, म्हणून कोळंबी-खेकडे नाहीत. मांस आणि दूध एका जेवणात नाही. पण कोकणातल्या बाईने नारळाचे दूध काढले आणि रश्शाला तेच वापरले, चिकाच्या हलव्यालाही तेच! नियमही राहिला, चवही राहिली. नवस फेडायला पोहे, खोबरे, साखर नि फळांचा मलिदा, तो एलियाहू नबीच्या नावाने.

1948 नंतर त्यांतले पुष्कळजण इस्राएलला गेले. तेथे लग्नाच्या वेळी ‘तुम्ही खरे ज्यू का?’ असे विचारले गेले! झगडा करावा लागला, तेव्हा 1964 साली तेथील सरकारने त्यांना पूर्ण ज्यू मानले. मलिदा मात्र त्यांनी तेथेही सोडला नाही. अमेरिकेत युरोपातून गेलेल्या ज्यूंची ‘डेली’ नावाची दुकाने आहेत. त्यांतली कित्येक आता कोशेर पाळत नाहीत, तरी खारवलेले मांस नि काकडीचे लोणचे तेच. नियम सुटला तरी जिभेला घर आठवते.

आता आपले पाहू. कारखान्यांपायी चिंचवड-चाकणला गावोगावची बिऱ्हाडे आली. कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाच्या घरी सुकट भाजते. नवी शेजारीण हळदीकुंकवाला वाटी घेत नाही, की आपण लगेच ‘शिष्ट’ म्हणून मोकळ्या होतो! माझ्या माहेरची शेजारीण आमच्याकडे मटण खात नसे. केळे नि नारळपाणी आनंदाने घेई. आईने कधी आग्रह केला नाही, नि तिनेही कधी येणे सोडले नाही.

म्हणून माझी एकच सूचना. यापुढे मंडळाच्या पंगतीची यादी करताना प्रत्येकीला आधी विचारावे, ‘तुमच्यात काय चालत नाही?’ आणि ‘एवढ्याने काय होते?’ हे वाक्य आपण सोडून द्यावे. तिच्या ताटातले तेवढेच तिचे गाव असेल.