पावसाचा अंदाज, पेरणीचं कर्ज आणि आपला गट
(ग्रामसंघाच्या खरीपपूर्व बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी मांडलेला विषय)



मे महिना संपत आला की आपल्या बैठकीत दोनच विषय असतात. बियाण्याला कर्ज किती, आणि पाऊस कधी? पहिल्याचं उत्तर रजिस्टरमध्ये सापडतं. दुसऱ्यासाठी सगळ्या मोबाईल बघतात. मग कुणीतरी म्हणतंच, "हे हवामानवाले खोटं बोलतात, त्यांच्यापेक्षा आमचा मिरग बरा." सगळ्या हसतात. पण पावसाने ओढ दिली, पेरलेलं करपलं, दुबार पेरणी आली आणि हप्ता थकला की कुणी हसत नाही. तेव्हा बोटं त्या बाईकडे वळतात. "तिनेच घाई केली." "तिच्या घरात मेळच नाही." म्हणून आज आपण अंदाज का चुकतो ते समजून घेऊ. ते समजलं तर आपले गटातले निर्णयही सुधारतील.

अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते. ते संगणकावर हवामानाचं गणित मांडायचे. आज वारा असा, तापमान इतकं, तर पुढे काय होईल? 1961 साली त्यांना एक जुनं गणित पुन्हा बघायचं होतं. त्यांनी ते मधूनच सुरू केलं आणि कागदावर छापलेले आकडे संगणकात भरले. संगणकाच्या पोटात आकडा होता 0.506127. कागदावर छापलेला होता 0.506. आपण हिशोबात वरचे पैसे सोडून रुपये लिहितो ना, तसं. फरक किती? चार हजार रुपयांत एक रुपया.

ते कॉफी प्यायला गेले आणि तासाभराने परत आले. दोन्ही गणितं सुरुवातीला जोडीने चालली होती. पुढे फरक वाढत गेला आणि शेवटी दोन्हींतलं हवामान अगदी वेगळं निघालं. त्यांना आधी वाटलं, मशीन बिघडलं. पण मशीन ठीक होतं.

ताईंनो, आपल्या बचतीच्या वहीत एका रुपयाची चूक झाली, तर वर्षाच्या शेवटीही ती एका रुपयाचीच राहते. हवामानातली बारीक चूक मात्र सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखी वाढते. एकाचे दोन, दोनाचे चार. लॉरेन्झ यांनी 1963 मध्ये हे लिहून प्रसिद्ध केलं. पुढे 1972 च्या त्यांच्या एका भाषणाच्या नावातच प्रश्न होता, की ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख हलवले तर टेक्सासमध्ये वादळ उठेल का? या विषयाला केऑस थिअरी म्हणतात. केऑस म्हणजे गोंधळ. पण या गोंधळाच्या आतही नियम असतात. अडचण अशी की प्रत्येक शिवारावरचा वारा, ऊन आणि ओल अगदी तंतोतंत मोजणं कुणालाच शक्य नाही. मापात थोडी चूक राहतेच, आणि तिचं व्याज चढत जातं.

आपल्या जवळचं उदाहरण महाबळेश्वरचं. डोंगराच्या धारेवर हातभर अंतराने दोन थेंब पडले. एक पूर्वेला वळला, कृष्णेत गेला आणि बंगालच्या उपसागराला मिळाला. दुसरा पश्चिमेला उतरला, सावित्रीत गेला आणि अरबी समुद्राला मिळाला. सुरुवातीला अंतर हातभर होतं, शेवटी अख्खा देश मधे आला. ढगांचंही असंच असतं. म्हणून बांधापलीकडे पाऊस झोडपतो आणि अलीकडे माती कोरडी राहते.

मग अंदाज बघायचाच नाही का? जरूर बघायचा, पण कुठल्या अंदाजाला किती वजन द्यायचं ते कळलं पाहिजे. उद्या-परवाच्या अंदाजावर बराच भरवसा ठेवता येतो. चार-पाच दिवसांचा अंदाजही कामाचा असतो. पण दोन आठवड्यांपलीकडे अमुक तारखेला आपल्या गावात पाऊस पडेल असं कुणी सांगितलं, तर पैसे लावू नका. "यंदा सरासरीइतका पाऊस" ही बातमी सगळ्या देशाची असते. जून ते सप्टेंबर देशाची सरासरी 87 सेंटीमीटर धरतात. त्यातला आपल्या शिवारात किती आणि कधी पडेल, हे त्या बातमीत नसतं.

शास्त्रज्ञांनीही ही मर्यादा मान्य केली आहे. ते आता सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच गणित अनेकदा करतात. बहुतेक उत्तरं सारखी आली तर खात्री जास्त, पांगली तर कमी. म्हणून "पावसाची शक्यता" असं म्हणतात. तो शब्द पळवाट म्हणून वापरलेला नसतो. तो प्रामाणिक हिशोब असतो.

आता आपण काय करायचं?

एक, पाऊस स्वतः मोजा. सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, लिहून ठेवा आणि डबा रिकामा करा. 75 ते 100 मिलिमीटर, म्हणजे साडेसात ते दहा सेंटीमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल आल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. पहिल्या सरीला भुलू नका. वाफसा बघा.

दोन, जमेल तिथे सगळं रान एकाच दिवशी आणि एकाच पिकाचं पेरू नका. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्या. दोन्हींच्या काढणीची वेळ वेगळी, त्यामुळे एकाच खंडात दोन्ही जाण्याचा धोका कमी.

तीन, गटाने सगळी रक्कम जूनच्या पहिल्या बैठकीत वाटून संपवू नये. थोडा निधी दुबार पेरणीसाठी राखावा. आपल्याकडे तो नसला तर ती बाई सावकाराच्या दारात जाते, आणि तिथलं व्याज तुम्हाला माहीत आहे.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोघींनी एकाच आठवड्यात, एकाच वाणाचं बी पेरलं. एकीच्या रानावर सर आली, दुसरीच्या रानावर आली नाही. पहिली हुशार आणि दुसरी बेजबाबदार, असं होत नाही. हप्ता थकला म्हणजे नियत फिरली, असंही नाही. तिला बैठकीत उभं करून जाब विचारण्याआधी तिच्या डब्यातली नोंद बघा. पाऊस खरंच नसेल, तर हप्ता पुढे ढकलण्याचा ठराव घ्या आणि तसं रजिस्टरमध्ये लिहा. उद्या कोरडं रान तुमचंही असू शकतं, आणि ते कुणाचं असेल हे लॉरेन्झनाही सांगता आलं नसतं.

येत्या बैठकीला प्रत्येक गटाने हे दोन विषय अजेंड्यावर घ्यावेत, राखीव निधी किती ठेवायचा आणि पावसाची वही कोण लिहिणार. अध्यक्षताईंना माझी एवढीच विनंती आहे.