देवळांतील विद्यापीठें

इंग्लंडांतील ऑक्सफर्ड नगरींत उतरलेला प्रवासी बहुधा प्रथम तेथील सेंट मेरीचें प्रार्थनामंदिर पाहावयास जातो. तेराव्या शतकांतील त्याचा मनोरा दुरून दिसतो, आणि आंत गेल्यावर प्रवाशाला कळतें कीं, ऑक्सफर्डचें विद्यापीठ प्रथम नांदलें तें या देवाच्या घरीं. विद्यापीठाला आरंभीं स्वतःची अशी एकही इमारत नव्हती. पंडितांच्या सभा येथें भरत, पदव्या येथें दिल्या जात. आणि सुमारें १३२० सालीं या मंदिराला लागून जें दुमजली दालन बांधण्यास घेतलें, त्याचा वरचा मजला विद्यापीठाच्या ग्रंथांसाठीं होता. १६६९ सालीं वेगळें सभागृह तयार होईपर्यंत पदवीदानाचा समारंभ या मंदिरांतच होत असे.

सोलापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, अक्कलकोट तालुक्यांत, दुधनी हें बाजारपेठेचें गांव आहे. सोलापुराहून वाडीकडे जाणारा लोहमार्ग या गांवावरून जातो, आणि तेथून थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द लागते. बाजारांत तुरीचा भाव कोणी मराठींत विचारतो, त्याला उत्तर कानडींत मिळतें, आणि दोघांपैकीं कोणाचेंही अडत नाहीं. अशा गांवच्या मनुष्याला ऑक्सफर्डची हकीकत ऐकून वाटावें कीं, देऊळ व विद्यापीठ एका छपराखालीं नांदविणारें स्थान पाहावयाचें तर समुद्र ओलांडला पाहिजे. वस्तुस्थिति तशी नाहीं. दुधनीहून भीमा ओलांडून नैर्ऋत्येस गेलें तर सालोटगी लागतें, आणि आगगाडीनें पूर्वेस गेलें तर नागावी गांठतां येतें. ऑक्सफर्ड येथें अध्यापन चालूं असल्याचा पहिला दाखला १०९६ सालचा समजतात. नागावीचा दाखला त्याच्या अडतीस वर्षें आधींचा आहे, व सालोटगीचा तर दीडशें वर्षें आधींचा.

सालोटगी हें विजापूर जिल्ह्याच्या इंडी तालुक्यांतील गांव. या भागांत आज लिंबाच्या बागा प्रसिद्ध आहेत, आणि गांवांत शिवयोगेश्वराचें देवस्थान आहे. जुनी शाळा पाहण्याच्या आशेनें येथें आलेल्या प्रवाशाची मात्र प्रथम निराशा होते, कारण ती शाळा आतां दिसत नाहीं. तिची सर्व हकीकत सांगतो तो येथील एका दगडी स्तंभावरचा संस्कृत लेख. डॉ. कीलहॉर्न यांनीं तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या चौथ्या खंडांत संपादून प्रसिद्ध केला, आणि डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनीं राष्ट्रकूटांवरील आपल्या १९३४ च्या ग्रंथांत त्याचें महत्त्व विशद केलें.

लेख शके ८६७, म्हणजे इ. स. ९४५ चा आहे. त्या वेळीं राष्ट्रकूट सम्राट् तिसरा कृष्ण मान्यखेट येथें राज्य करीत होता. त्याचा मंत्री नारायण यानें या गांवीं एक शाळा बांधिली व तींत ब्रह्मा, विष्णु आणि महेश या तिघांची स्थापना केली. म्हणून ती त्रयीपुरुषांची शाळा. दूरदूरच्या जनपदांतून विद्यार्थी तेथें येऊं लागले. गांवाचें त्या काळचें नांव पाविट्टगे. त्याच्या मागें ‘शाला’ हा शब्द लागून पुढें सालोटगी झालें, असें विद्वान् मानतात. गांवानें शाळा पोसली आणि शाळेनें गांवाला नांव दिलें.

ती पोसली कशी, हें त्या लेखांत हिशेबानें लिहिलेलें आहे. गांवचा प्रमुख चक्रायुध यानें भाद्रपद अमावास्येच्या सूर्यग्रहणाच्या पर्वावर दान दिलें. निवर्तन हें त्या वेळचें जमिनीचें माप. विद्यार्थ्यांच्या योगक्षेमासाठीं पांचशें निवर्तनें जमीन आणि राहण्यासाठीं सत्तावीस घरें देण्यांत आलीं. शिकविणाऱ्या आचार्यासाठीं पन्नास निवर्तनें तोडून दिलीं. आणि दिव्यांसाठीं, केवळ दिव्यांच्या तेलासाठीं, बारा निवर्तनें निराळीं ठेविलीं. रात्रीं पोथीवर प्रकाश पडला पाहिजे, आणि त्या प्रकाशाचा खर्च कोणाच्या मर्जीवर राहूं नये, इतका पुढचा विचार करणारा मनुष्य त्या गांवीं होता.

याहूनही मनोवेधक अशी एक तरतूद पुढें आहे. गांवच्या ब्राह्मणांनीं असें ठरविलें कीं, घरीं विवाह झाला तर त्या घरानें शाळेला पांच ‘पुष्पें’ द्यावीं. मुंज झाली तर अडीच. चौल झालें तर सव्वा. पुष्प हें त्या काळचें नाणें. कार्य जसजसें लहान, तसतशी वर्गणी निम्म्यानें कमी; म्हणजे ज्याच्या घरीं खर्चाचा भार थोडा, त्याच्यावर शाळेचाही भार थोडा. शिवाय कोणीं भोजन घातलें तर शाळेच्या मंडळींना शक्तीप्रमाणें जेवूं घालावें, असेंही ठरलें. राजमंत्र्यानें इमारत दिली, ग्रामप्रमुखानें जमीन दिली, पण शाळेला गांवच्या रोजच्या जीवनाशीं बांधून टाकिलें तें या सव्वा पुष्पानें. ज्या घरांतील मुलाचें जावळ काढतांना शाळेची आठवण ठेवावी लागे, त्या घराला ती शाळा परकी कशी वाटणार?

आतां नागावी. दुधनीहून पूर्वेकडे निघालेली गाडी गाणगापूर रोडवर थांबते. दत्तभक्त तेथें उतरतात. पुढें गुलबर्गा, म्हणजे आजचें कलबुर्गी, येतें. मग शहाबाद, मराठी घरांतून जिच्यावर पाट मांडले गेले, ती शहाबादी फरशी येथली. वाडी जंक्शनावर हैदराबादचा फांटा फुटतो आणि त्यावर चितापूर हें स्टेशन आहे. नागावीचे अवशेष चितापुराच्या जवळच आहेत. याच फांट्यावर पुढें मळखेड लागतें. सालोटगीच्या लेखांतील मान्यखेट तें हेंच. म्हणजे ज्या राजधानींतून सालोटगीच्या शाळेला आश्रय मिळाला, तिच्याच परिसरांत प्रवासी येऊन पोहोंचलेला असतो.

नागावींत पाहावयास मिळतें तें चालुक्य काळचें दगडी काम. लोक त्यांतील एका वास्तूला कानडींत ‘अरवत्तु कंबद गुडी’, म्हणजे साठ खांबांचें देऊळ, म्हणतात, आणि जुन्या घटिकास्थानाचें नांव या वास्तूशीं जोडलें जातें. घटिका किंवा घटिकास्थान हा दक्षिणेंतील विद्यापीठाला जुना शब्द. उन्हांतून आंत शिरलेल्या मनुष्याला खांबांच्या रांगांमधील गारवा जाणवतो. येथें गाभाऱ्यापेक्षां सभेला अधिक जागा आहे, आणि मांडी घालून बसलेल्या विद्यार्थ्यांच्या रांगा डोळ्यांपुढें आणण्यास फारसे प्रयास पडत नाहींत.

येथील शिलालेख हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्यानें १९२८ सालीं प्रसिद्ध केले. त्यांतील इ. स. १०५८ च्या लेखांत चालुक्य सम्राट् पहिला सोमेश्वर याचा सेनापति मधुसूदन यानें देवालय व घटिका यांसाठीं केलेल्या व्यवस्थेचें वर्णन आहे. वेद शिकणारे दोनशें विद्यार्थी, शास्त्रें शिकणारे बावन्न. वेदांचे तीन अध्यापक, शास्त्रांचे तीन. शास्त्रांच्या तिघांपैकीं एक भाट्ट मीमांसा सांगे, दुसरा प्राभाकर मीमांसा, आणि तिसरा न्यास हा व्याकरणग्रंथ.

हीं तीन नांवें वरवर वाचून पुढें जाण्यासारखीं नाहींत. कुमारिल भट्ट आणि प्रभाकर हे मीमांसेंतील दोन प्रतिस्पर्धी मतांचे प्रवर्तक. एकानें मांडावें आणि दुसऱ्यानें खोडावें, असा त्यांच्या अनुयायांचा वाद शतकानुशतकें चालला. नागावीच्या दात्यानें या दोन्ही पक्षांचे अध्यापक एकाच देवळांत नेमिले. न्यासाचा कर्ता जिनेंद्रबुद्धि हा तर बौद्ध मानला जातो. त्याचा ग्रंथ वेदपाठकांच्या शेजारीं बसून शिकविला जात होता. विद्यार्थ्यानें एकच मत ऐकून घरीं जावें, हें त्या सेनापतीला पुरेसें वाटलें नाहीं.

आणखी सहा माणसांची नोंद त्या लेखांत आहे. त्यांना ‘सरस्वतीभांडारिक’ म्हटलें आहे, म्हणजे ग्रंथपाल. शिकविणारे सहा आणि ग्रंथ सांभाळणारेही सहा! ताडपत्राला कीड लागते, दमट हवेनें तें काळें पडतें, दोरा तुटला कीं पानें विस्कटतात. जुन्या प्रतीवरून वेळींच नवी प्रत न केली तर ग्रंथ नाहींसा होतो. हें जाणूनच त्या कामाला अध्यापनाइतकीं माणसें दिलीं असावीं. आज नागावींत तें भांडार नाहीं. ग्रंथपालांची संख्या दगडानें जपली. ग्रंथ जपणें दगडाच्या हातचें नव्हतें.

या शाळांची थोरवी सांगतांना त्यांची उणीव लपविणें योग्य नव्हे. त्या वेदशास्त्रांच्या शाळा होत्या, आणि त्या विद्येचा अधिकार ज्या थोड्यांना होता त्यांच्यासाठींच होत्या. देवळाचा दगड घडविणारा पाथरवट, दिव्याचें तेल गाळणारा तेली, दानाची जमीन कसणारा कुणबी आणि या सर्वांच्या घरच्या बायका यांना त्या सभेंत बसावयास जागा नव्हती. बाराव्या शतकांत याच विजापूर भागांतील बसवेश्वरांनीं कानडी वचनांच्या द्वारें हें दार लोटलें, आणि १२९० सालीं ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ मराठींत आणून तेंच कार्य महाराष्ट्रांत केलें. साठ खांबांच्या सभेंत उभ्या राहिलेल्या प्रवाशानें हें स्मरणांत ठेविलें म्हणजे त्याचा अभिमान बेताचा राहतो.

तरीही एक प्रश्न त्याच्या मनांत उरतो. ऑक्सफर्डचें मंदिर आजही विद्यापीठाचें मंदिर आहे. सालोटगी व नागावी मात्र खुणेपुरत्या राहिल्या. याचें एक कारण दानाच्या स्वरूपांतच आहे. दानाची जमीन ज्यांच्या शब्दावर शाळेकडे राहते, तीं घराणीं टिकलीं नाहींत. सालोटगीच्या लेखानंतर तीस वर्षांच्या आंत, ९७३ सालीं, राष्ट्रकूटांचें राज्य चालुक्यांकडे गेलें; बाराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्यही गेले. पुढील राजांनीं हें दान पाळावें, अशी विनंती दानलेखांत लिहिण्याचा प्रघात होता. विनंती दगडावर राहिली, पण ती ऐकणारा प्रत्येक पिढींत नव्यानें निपजावा लागतो.

आज दुधनीच्या विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठीं दूर जावें लागत नाहीं. १९८० सालीं गुलबर्ग्यास विद्यापीठ निघालें, २००४ सालीं सोलापुरास निघालें, आणि २००९ सालीं स्थापन झालेलें कर्नाटकाचें केंद्रीय विद्यापीठ आळंद तालुक्यांत कडगंची येथें आहे. त्यांच्या दारांतून आज मुली जातात, पाथरवटाचीं व कुणब्याचीं मुलें जातात. दहाव्या शतकाला जें साधलें नाहीं, तें विसाव्या-एकविसाव्या शतकानें साधलें. परंतु दहाव्या शतकाला साधलेलें एक कार्य मागें पडलें आहे. शाळा ही सरकारची, तिचा दिवा सरकारनें लावावा, अशी समजूत होऊन बसली. आणि लग्नांत दारूकामावर जो पैसा उडतो त्यांतील सव्वा रुपया गांवच्या वाचनालयाला जावा, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

सालोटगीस जाणाऱ्या प्रवाशानें त्या लेखांतील बारा निवर्तनांची ओळ ध्यानांत ठेवावी, आणि परत आल्यावर गांवच्या शाळेंत संध्याकाळीं दिवा लागतो कीं नाहीं, एवढें एकदां पाहून यावें.