पाणी कोणत्या समुद्राला जातं?

बुलढाणा जिल्ह्यात गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: घाटावरचं की घाटाखालचं? मेहकर तालुक्यातलं जानेफळ घाटावरचं. खामगावकडे निघालं की रस्ता अजिंठ्याच्या डोंगररांगेवरून पूर्णेच्या खोऱ्यात उतरतो.

हे दोन शब्द इथलं पोर बोलायला लागल्यापासून ऐकतं. त्यांत किती भूगोल भरलाय, ते कळतं बी.ए.ला हा विषय घेतल्यावर, प्रात्यक्षिकाच्या तासाला.

टेबलावर टोपोशीट पसरलेलं असतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा. त्यावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तपकिरी समोच्च रेषा पठारावर सैल, घाटाशी आल्या की एकमेकींना खेटलेल्या. विद्यार्थ्याला पाणलोटाची सीमा काढायला सांगतात. अट एकच: पेन्सिल कुठल्याही निळ्या रेषेला, म्हणजे ओढ्या-नदीला, छेदता कामा नये. तासभर खाडाखोड होते. रेषा जुळली की दिसतं, तिच्या उत्तरेचं पाणी नळगंगा, मन यांच्यासारख्या नद्यांतून पूर्णेला, तापीला आणि अरबी समुद्राला जातं. दक्षिणेचं पैनगंगेला मिळतं; मेहकरवरून, वर्धा-प्राणहिता-गोदावरी करत बंगालच्या उपसागरात. एकाच जिल्ह्यातला पाऊस, आणि समुद्र दोन!

हे नकाशे फुकट हाती आलेले नाहीत. 1802 साली मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन ती उत्तरेकडे नेता नेता 1823 च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे, आपल्या विदर्भात.

भूगोल हा सोपा, गाईड वाचून पास होण्याचा विषय, हा समज खोडून काढायलाच हवा. मेहकरच्या पुढे लोणारचं सरोवर आहे, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या विवरात. ते ज्वालामुखीचं की उल्केच्या आघाताचं, हा वाद कित्येक दशकं चालला. 1973 साली खडकांच्या पुराव्यांनी आघाताच्या बाजूनं कौल दिला. अशी शाळा दाराशी असताना सहल दुसरीकडे कशाला?

कागदावरची ती पेन्सिलची रेषा घेऊन एखाद्यानं पावसाळ्यात शिवारात जावं. ती कुणाच्या तरी सोयाबीनमधून जाते. शेताचा मालक धुऱ्यावर उभा राहून हात करून दाखवतो: इकडचं पाणी इकडे, तिकडचं तिकडे.